तिसरा सोपान व्हाया लोहगड

मळवली स्टेशनवर लोकल थांबली आणि वाघ संघातले दोन वाघ फलाटावरचं कुत्रं बघून परत डब्यात चढले. स्काउटांच्या संघांना प्राण्यापक्ष्यांची नावं द्यायची पद्धत आहे. आमच्याकडे वाघ, गरुड, नाग असे संघ होते. नावं धारण करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात वेफर्सची पुडी होती.

ही स्वारी निघाली होती तृतीय सोपानासाठी. स्काउट होणं म्हणजे जिनाच आहे. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यावर राज्य पुरस्कार आणि एकदम वर राष्ट्रपती पुरस्कार. दर पायरीला गाठी, चूल, दिशा, प्रथमोपचार, माग काढणं असं काहीतरी करून दाखवावं लागतं. सरांच्या हातात वही होती, वहीत रकाने होते, आणि सोबतीला पालक म्हणून मी होतो. पालकसभेत सर सगळ्यांवरून नजर फिरवत असताना नेमकी माझी मान हलली होती.

या अभ्यासक्रमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे रानात मुलगा एकटा असतो. बेडन-पॉवेलसाहेबांनी 1907 साली पहिलं शिबिर भरवलं ते ब्राउनसी नावाच्या बेटावर. बेटच का, हे मला भाजे गावात पाऊल टाकल्यावर उमगलं. चहूबाजूंनी पाणी असल्याशिवाय पोरांना कुणी धड चुकूसुद्धा देत नाही!

पहिली परीक्षा माग काढण्याची. गरुड संघानं पुढे जाऊन खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी त्या वाचत यायचं. बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे येऊ नका, वर्तुळात ठिपका म्हणजे आम्ही घरी गेलो. भाजे लेण्यांचा फाटा मागे पडेपर्यंत ठीक चाललं. पुढे गवताला गाठ मारून केलेली खूण एका शेळीनं खाल्ली. दगडांचा बाण गावातल्या पोरांनी उचलून त्याचे स्टंप केले होते. बॅटिंग करणारा मोठ्या मनानं म्हणाला, ''आउट झालो की देतो.'' त्यानंतर नाग संघाला एका कातळावर तेलरंगातला झकास बाण दिसला. पुढच्या वळणावर दुसरा, झाडावर तिसरा. इतक्या ठळक खुणा बघून सरही खूश झाले. बाणांचा माग काढत सगळे एका ओसरीवर पोचले, तेव्हा तिथे पाटी होती: 'घरगुती जेवण मिळेल. पिठलं-भाकरी.' बरोबर वाटेवर गेलेला गरुड संघ तासाभरानं आम्हाला शोधत आला. सरांनी नाइलाजानं माग काढण्याचे गुण गरुडांनाच दिले.

चुलीची परीक्षा मग त्याच घराच्या अंगणात झाली. गडावर जाळ करायचा प्रश्नच नव्हता. नियम असा, की काडेपेटीतल्या जास्तीत जास्त दोन काड्या वापरायच्या. वाघांनी तीन दगड मांडले, आधी काडीएवढ्या काटक्या, त्यावर बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या, अशी सुरेख रचना केली. पुस्तकात फक्त खिंडीतला वारा नव्हता. पहिली काडी पेटायच्या आत विझली. दुसरीनं एवढा धूर केला, की बाजूच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. ओसरीवरून हे पाहणाऱ्या आजींना शेवटी राहवेना. चिमट्यात गोवरीचा निखारा धरून त्या आल्या, ''सरका रं बाजूला.''

''आजी, हे नियमात बसत नाही,'' सर म्हणाले.

''मग नियमच शिजवा न् खावा,'' आजी म्हणाल्या आणि त्यांनी फुंकणी लावली.

खिचडी उत्तम झाली.

दिशांची परीक्षा सरांनी मुद्दाम गडावर ठेवली होती, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना मानतो. लोहगडावर नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनांचं तळं आहे. स्काउटला दिशाही सोळाच शिकाव्या लागतात. कोनाकोनावर एकेक मुलगा उभा करायचा आणि ज्यानं त्यानं आपली दिशा ओरडून सांगायची, असा बेत. पण तळं बांधताना नानांनी होकायंत्राशी सल्लामसलत केलेली दिसत नाही. उत्तर दोन कोनांच्या मध्येच पडली. तिच्यासाठी दोघं भांडायला लागले, पूर्व-ईशान्य आणि उत्तर-ईशान्य यांच्यात ढकलाढकली झाली आणि नैऋत्य रडायला लागला. सरबत विकणाऱ्या मावशींनी निकाल दिला, ''सूर्य तिकडं बुडतो. बाकीच्या तुम्ही आपसात वाटून घ्या.''

आता उरला होता प्रथमोपचार, आणि इथे नशिबानं साथ दिली. उतरताना हनुमान दरवाज्यापाशी एका गृहस्थांचा पाय मुरगळला. मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला तो रुग्णासमोर दिसू नये इतका होता. खरा पेशंट! क्षणात गळ्यातला त्रिकोणी स्कार्फ सुटला आणि घोट्याला बांधला गेला. खरं सांगतो, बांधला झकास. शेवटची रीफ नॉट सरांनी दोनदा ओढून पाहिली, हलली नाही. गृहस्थ उभे राहिले, पाय टेकून म्हणाले, ''अरे वा, येतंय चालता.''

पण वहीत स्ट्रेचरचा रकाना रिकामा होता.

''काका, आडवे व्हा,'' संघनायक म्हणाला. चार शर्ट उतरले. बटणं लावून बाह्यांमधून दोन काठ्या सरकवल्या की झालं स्ट्रेचर. काकांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. सरांनी तेवढं आधी एका जाडजूड पोराला त्यावर झोपवून ताण बघितला. मग बनियनवरच्या चार वाघांनी काकांना उचललं. पायऱ्या उतरताना तोल जायला लागला तेव्हा संघनायकानं काठ्या सरळ खांद्यावर घ्यायला लावल्या. काका घाबरून डोळे मिटून पडले.

नारायण दरवाज्यातून वर येणारी गर्दी एकदम भिंतीला लागली. कुणी गॉगल काढला, कुणी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. एका आजोबांनी टोपी काढून हात जोडले आणि शेजारच्याला विचारलं, ''कुठले होते हो?''

''चिंचवडचा!'' काका ताडकन उठून बसत ओरडले. ''आणि अजून आहे!''