हुंकार

दापोलीजवळ माझ्या मेव्हण्याचं लॉज आहे. तिथे मी जातो मासे खायला आणि राहतो दुरुस्तीला. मागच्या पावसाळ्यात काउंटरवरचा बिलिंगचा कॉम्प्युटर आजारी पडला. दिवसभर ठणठणीत, संध्याकाळी पाचला खोल्यांतल्या टीव्हींचा सर्व्हर सुरू झाला की नेटवर्क गुल. बिल अडकलेलं आणि गिऱ्हाईक बॅगा घेऊन ताटकळलेलं.

"भावोजी, नेटवर्क कार्ड गेलं," मेव्हण्याने निदान केलं. मीही मान डोलावली. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, शेवटी कपाटातलं तितकंच म्हातारं दुसरं कार्ड बसवलं. तेही पाचला आडवं!

हात टेकून टेबलाखाली बसलो, तेव्हा दिसलं. सगळे प्रोग्राम बंद, तरी कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकतोय, काजव्यालाही धाप लागावी असा. म्हणजे कुणीतरी त्याच्याशी अखंड बोलत होतं.

बोलणारा होता टीव्हीचा सर्व्हर. 22 चॅनेल, प्रत्येकी सुमारे 4 मेगाबिट. म्हणजे सेकंदाला 88. कार्डाची कुवत 100. ही मल्टिकास्टची तऱ्हा. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 साली तिचे नियम लिहिले. 224 पासून 239 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते तिच्यासाठीच राखलेले. बोलणाऱ्याने एकदाच बोलायचं आणि नाव नोंदवलेल्यांनीच ऐकायचं, भिशीच्या निरोपासारखं. पण सगळ्या केबली जोडणाऱ्या आमच्या स्विचला नोंदवही ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. तो प्रत्येक चॅनेलची दवंडी दारोदार पिटत होता. जन्मात एक मालिका न पाहिलेलं ते कार्ड प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून 'आमचं नव्हे' म्हणत बाजूला टाकत होतं आणि त्या गर्दीत बिलाचं पाकीट दाराशीच चेंगरत होतं. टीव्हीवरचं चित्रही मधूनच फाटायचं. पण पावसाळ्यात त्याचं खापर गच्चीवरच्या छत्रीवर फुटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्विचमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग'समोर, म्हणजे त्या नोंदवहीसमोर, टिचकी मारली. पाचला टीव्ही लागले, दिवा शांत, बिलं सुरळीत. चहा मागवला. कप तोंडाला लावतो तोच वरच्या मजल्यावरून हाकाटी: सगळे टीव्ही काळे!

नोंदवहीतली नावं साधारण 260 सेकंदांनी पुसली जातात. म्हणून दर 125 सेकंदांनी 'ऐकताय ना?' असं विचारणारा कुणीतरी लागतो. त्याला क्वेरियर म्हणतात. तो नेमायचा मी विसरलो होतो. नेमला, टीव्ही पुन्हा लागले आणि राहिले.

रात्री पडवीत पडल्यावर आजी आठवली. ती गोष्ट सांगायची, तेव्हा आम्ही हुंकार द्यायचा असे. मधेच थांबून ती कानोसा घ्यायची. 'हं' आला नाही, की राजपुत्राला जंगलातच सोडून आमच्या अंगावर गोधडी ओढायची. झोपलेल्याच्या कानाशी गोष्ट सांगू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या स्विचला मात्र ते दोन कार्डं बदनाम करून शिकवावं लागलं.