बिनतिकीट जगप्रवासी

आफ्रिकी शंखी गोगलगाय हा मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातला, पाठीवर तपकिरी पट्ट्यांचा लांबट शंख वागवणारा प्राणी आहे. शास्त्रीय नाव लिसाकाटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत ते अकाटिना फुलिका असे सापडते. मूळ गाव पूर्व आफ्रिकेचा किनारा, म्हणजे आजच्या केनिया-टांझानियाचा मुलूख. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचा शंख साधारण सात ते दहा सेंटिमीटर भरतो, क्वचित वीसपर्यंतही जातो. आज हा प्राणी भारतासह आशियाच्या उष्ण भागांत, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर आणि अमेरिका खंडातही नांदतो. एवढी मजल तिने स्वतःच्या पायाने मारायची ठरवली असती, तर ती अजून मोंबासाच्या वेशीवरच रेंगाळत असती.

म्हणीने तिच्या पोटात पाय असल्याचा ठपका ठेवला आहे. प्राणिशास्त्राचा अहवालही तेच सांगतो, फक्त त्यात कपटाचा उल्लेख नाही. पोटाखालचा सपाट, मांसल भाग हाच तिचा एकुलता एक पाय. त्याच्या स्नायूंत शेपटीकडून डोक्याकडे लाटा सरकत जातात आणि पायातून सुटणाऱ्या चिकट द्रवावरून अंग पुढे जाते. हा द्रव ताण पडला की पातळ होतो, ताण सुटला की पुन्हा घट्ट. त्यामुळे वंगण आणि डिंक ही परस्परविरोधी खाती एकाच द्रवाकडे आहेत आणि तरीही काम अडत नाही. वेगाबद्दल मात्र फार बोलण्यासारखे नाही. इंग्लंडमधल्या काँगम गावी बागेतल्या छोट्या गोगलगायींची जागतिक शर्यत भरते. तिथे १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगायीने तेरा इंचांचे अंतर दोन मिनिटांत कापून विक्रम केला. हिशेब ताशी सुमारे दहा मीटर पडतो. प्रेक्षकांना मध्ये चहा घेऊन येता येत असावा.

आतली रचना पाहिली तर नकाशा मंजूर करणाऱ्याने तो उलटा धरला होता की काय, अशी शंका येते. उदरपाद वर्गातल्या प्राण्यांचे धड वाढीच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत १८० अंशांत पिळले जाते आणि मागच्या दाराने बाहेर पडायचे ते पुढे, डोक्याच्या शेजारी येते. या पिळाचा नेमका फायदा काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. निकालाची वाट न पाहता गोगलगायीने संसार थाटलेला आहे.

तोंडात हजारो सूक्ष्म दातांची एक फीत असते. कानस चालवावी तशी ती पानावर चालवून गोगलगाय खाते. पुढचे दात झिजले की मागून नवे सरकत येतात. दंतवैद्याची गरज नसलेल्या या प्राण्याला चवीचेही वावडे नाही. पपई, केळी, भेंडी, काकडी, कोबी, झेंडू आणि अर्थातच सोयाबीन, अशी तिच्या आहारातल्या वनस्पतींची यादी पाचशेच्या घरात जाते. शंख वाढवायला कॅल्शियम लागते, ते हिरव्या भाजीतून पुरले नाही तर ती घराच्या भिंतीचा गिलावाही खरवडून खाते. फ्लोरिडातल्या घरमालकांना हे कळले तेव्हा त्यांचे कीटकशास्त्राविषयीचे कुतूहल एकदम वाढले. गोगलगाय कीटक नाही, हे त्यांना नंतर सांगण्यात आले असेल.

व्याकरणाने ती स्त्रीलिंगी असली तरी प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी या दोघांचेही अवयव असतात. दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. उखाणा कोणी घ्यायचा हा प्रश्नच येत नाही. एका भेटीतले शुक्राणू ती महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि सोयीने वापरते, म्हणून एकटी सापडलेली गोगलगायही निरुपद्रवी समजता येत नाही. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, तीही वर्षातून अनेकदा, ओलसर मातीत पुरलेली असतात. आयुष्य पाच-सहा वर्षांचे. उन्हाळा कडक झाला की ती शंखात शिरते, दाराला पातळ पडदा लावते आणि पाऊस पडेपर्यंत कोणाला भेटत नाही. अशा झोपेचा एक गाजलेला किस्सा तिच्या एका दूरच्या नातेवाइकाच्या नावावर आहे. इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय १८४६ साली ब्रिटिश म्युझियममध्ये मृत नमुना समजून पुठ्ठ्यावर चिकटवली गेली. १८५० मध्ये पुठ्ठ्यावर चिकट द्रवाचे ताजे डाग दिसले, तिला कोमट पाण्यात सोडले, आणि ती चालू लागली. चार वर्षे जागेवर बसूनही नोकरीतून न काढलेला तो संग्रहालयातला एकमेव सदस्य असेल, असे मात्र म्हणता येत नाही.

अशा तब्येतीच्या प्राण्याला फक्त वाहनाची उणीव होती, आणि ती माणसाने भरून काढली. भारतात तिला आणण्याचे श्रेय विल्यम हेन्री बेन्सन यांच्याकडे जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले हे गृहस्थ निष्काळजी नव्हते, उलट जमिनीवरच्या गोगलगायींचे त्या काळातले नामांकित जाणकार होते. १८४७ साली त्यांनी मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि जाताना एका स्नेह्याच्या हवाली केल्या. स्नेह्याने त्या चौरंगीतल्या बागेत सोडल्या. अडाण्याने आणले असते तर एखादी वाटेत मेली असती. जाणकाराने आणल्यामुळे दोन्ही धडधाकट पोचल्या.

पुढे कोणी तिला खाण्यासाठी नेले, कोणी औषधासाठी, कोणी बागेची शोभा म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जपान्यांनी ती पॅसिफिकमधल्या बेटांवर शिधा म्हणून नेली; युद्ध संपले, सैनिक परतले, शिधा तिथेच राहिला. १९६६ साली एका मुलाने हवाईहून मायामीला घरी येताना तीन गोगलगायी बरोबर आणल्या. आजीने त्या बागेत सोडून दिल्या, कारण घरात घाण करणाऱ्या वस्तूंबाबत जगभरच्या आज्यांचे धोरण सारखेच असते. सात वर्षांत तिथे अठरा हजारांहून जास्त गोगलगायी सापडल्या आणि त्या संपवायला दहा लाख डॉलर लागले. २०११ मध्ये त्या मायामीच्या परिसरात पुन्हा उगवल्या. या वेळी त्यांचा वास ओळखायला शिकवलेले लॅब्रॅडॉर कुत्रे कामाला लावले गेले. २०२१ मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये त्या फ्लोरिडाच्याच दुसऱ्या एका काउंटीत सापडल्या.

बंदोबस्ताचा सर्वांत शहाणा समजला गेलेला उपाय सर्वांत महाग पडला. गोगलगायींना खाणारी एक मांसाहारी गोगलगाय फ्लोरिडात आहे. तांबूस शंखाची, चपळ (गोगलगायीच्या मानाने) आणि दुसरीच्या चिकट वाटेचा माग काढत जाणारी. १९५५ साली ती हवाईत सोडण्यात आली आणि १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मोरिया बेटावर. कागदावर योजना निर्दोष होती. पण शिकारी गोगलगायीला तो कागद कोणी वाचून दाखवला नाही. मोठ्या आफ्रिकी पाहुणीशी झटापट करण्यापेक्षा तिने बेटावरच्या पार्टुला नावाच्या चिमुकल्या, झाडावर राहणाऱ्या स्थानिक गोगलगायी पसंत केल्या. पार्टुलांच्या तिथल्या जाती जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या आणि जाती कशा निर्माण होतात हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ कित्येक दशके त्यांचा अभ्यास करत होते. दहा वर्षांत मोरियाच्या रानातून त्या नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत जगवल्या गेल्या आणि अलीकडे बेटांवर परत सोडल्या जात आहेत. आफ्रिकी गोगलगाय मजेत राहिली.

महाराष्ट्रात तिची सर्वांत मोठी दखल २०२२ च्या खरिपात घेतली गेली. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीन नुकतेच उगवून आले होते आणि पावसाने जमीन भिजली होती. दोन दलांवरचे कोवळे रोप रात्रीतून खुडले जायचे आणि सकाळी शेतात चकाकणारे माग दिसायचे. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली, आणि दुबार पेरलेलेही पुन्हा खाल्ले गेले. बियाण्याच्या पिशवीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला यात हसण्यासारखे फार सापडत नाही. दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी यांचे पंचनामे करण्याचा आपल्या यंत्रणेला दांडगा सराव आहे. इथे मात्र पंचनामा दिवसा व्हायचा आणि आरोपी तेव्हा ढेकळाखाली झोपलेला असायचा. अखेर सरकारला मदत जाहीर करावी लागली. तिची बिनकवचाची बहीण, जिला कृषी पत्रकांत शेंबी गोगलगाय म्हणतात, तीही याच हंगामात भाजीपाल्यावर येते. पण शंख नसल्यामुळे तिला तेवढी प्रसिद्धी मिळत नाही.

उपायांमध्ये वेचणी पहिली. संध्याकाळी किंवा पहाटे, हातात मोजे घालून गोगलगायी वेचायच्या. मोजे कशासाठी, तर उंदराच्या फुफ्फुसातला एक जंत तिच्या अंगात मुक्कामाला असू शकतो आणि माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेले बारदान बांधाकडेने टाकले की रात्री त्याखाली त्या जमतात. गुळाचा मोह कोणाला सुटलेला नाही. बांधाला चुन्याचा पट्टा ओढता येतो, पण पाऊस आला की तो वाहून जातो, आणि गोगलगाय येते ती पावसातच. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक आहेत, मात्र त्या कुत्र्या-कोंबड्यांच्या तोंडी लागल्या तर तेही मरतात. मीठ टाकले की गोगलगाय विरघळल्यासारखी होते, हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. जमीनही खारट होते, हे सातबारा नावावर झाल्यावर कळते.

एक उपाय कोणत्याही पत्रकात नसतो, तरी सगळीकडे केला जातो: वेचलेल्या गोगलगायी शेजारच्या बागेत भिरकावणे. त्याची परीक्षा इंग्लंडमध्ये झालेली आहे. डेव्हनमधल्या रूथ ब्रूक्स या निवृत्त शिक्षिकेने २०१० साली बीबीसी रेडिओच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेसाठी बागेतल्या गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिश लावले आणि त्या दूर नेऊन सोडल्या. फार लांब न नेलेल्यांपैकी बऱ्याच जणी घरी परतल्या. खात्रीने सुटका हवी असेल तर शंभर मीटरपलीकडे न्याव्यात, असा निष्कर्ष निघाला. ती जात वेगळी होती. मराठवाड्यातल्या गोगलगायींना अजून कोणी नेलपॉलिश लावलेले नाही. कृषी विभाग मात्र गावाने मिळून, एकाच वेळी वेचणी करावी आणि गोळा झालेल्या गोगलगायी खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, असे सांगतो. खड्डा कोणाच्या शेतात खणायचा, हे ग्रामसभेवर सोडलेले आहे.