दुरून सेवा साजरी

रुग्णसेवा आणि वृद्धांची देखभाल हे विषय आता घरबसल्या, रुग्णाच्या वाऱ्यालाही उभे न राहता शिकता येतात. याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा आपल्याकडे झालेला नाही. उलट काही मंडळी नाके मुरडतात. पोहणे टपालाने शिकता येते का, हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. मी म्हणतो, पाण्यात उतरायचेच नसेल तर का येऊ नये?

1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले आणि ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ठरले. कॉलेज सुटलेल्या कितीतरी बायका त्यामुळे पदवीधर झाल्या. पण इतिहास किंवा शेती घरपोच करण्यात विशेष ते काय? शेतकऱ्याकडे शेत आधीपासूनच होते. खरे धाडस आहे ते दुसऱ्या माणसाच्या शरीराशिवाय ज्याचे पान हलत नाही, तो विषय घरपोच करण्यात.

पुस्तकातल्या रुग्णाइतका समजूतदार माणूस मी पाहिलेला नाही. आकृती 4 मध्ये तो डाव्या कुशीवर असतो, आकृती 5 मध्ये उजव्या. मधल्या वेळात त्याला कोणी आणि कसे वळवले, हे सांगण्याचा आगाऊपणा आकृती करत नाही. त्याला वजन नसते, वास नसतो, रात्री अडीच वाजता त्याला आपली मेलेली बहीण आठवत नाही. ‘तुझे हात गार आहेत, तू नको’ असे तो म्हणत नाही. नळीने भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचलावी असे छापले, की ती उचलली जाते. आपल्या घरातल्या शिसवी पलंगाला अंश नसतात, फक्त उशा असतात. पण तो पलंगाचा दोष, अभ्यासक्रमाचा नव्हे. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद द्यावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते, आणि पेपरात ते लिहायला त्याहून कमी वेळ लागतो. वेळेची ही बचत कुणी लक्षात घेत नाही.

समाजसेवेचा भाग तर आणखी सोयीचा. ‘सहानुभूती व समानुभूती यांतील फरक स्पष्ट करा’ (गुण 5). उभी रेघ मारायची, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार. शेजारच्या खोलीतून सासरे पाणी मागत असतील तर ‘थांबा हो अण्णा, उद्या पेपर आहे’ एवढे सांगितले की मन पुन्हा समानुभूतीवर एकाग्र होते. स्वाध्याय जमले नाहीत, तर सोडवलेले स्वाध्याय झेरॉक्सवाल्याकडे मिळतात. सेवेत परस्परांवर विसंबणे महत्त्वाचे असते, असे त्यातल्याच एका उत्तरात लिहिलेले आहे.

काही अभ्यासक्रमांत मात्र रुग्णालयातले प्रात्यक्षिकाचे तास अजून सक्तीचे आहेत. जुन्या काळाचा हा अवशेष वहीवरच्या सहीशिक्क्याने पुष्कळसा सौम्य करता येतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

आता ब्युरोकडून येणाऱ्या मावशीची गोष्ट घ्या. बारा तासांची पाळी, शिक्षण चौथीपर्यंत. ती आजोबांच्या कमरेखाली एक आडवी चादर घालते आणि तिच्या आधाराने ऐंशी किलोचा देह जराही न घासटता वळवते. टाचा, खुबे, माकडहाड रोज बोटांनी चाचपते. कुठे लाली दिसली, की त्या जागेवर भार येऊ देत नाही. हे सगळे ठीक आहे. पण तिला ‘शय्याव्रण’ लिहून दाखवायला सांगा! जो शब्द लिहिता येत नाही, त्या गोष्टीचे ज्ञान असल्याचा दावा तिच्या वतीने कोण करणार? अर्जात ‘शैक्षणिक पात्रता’ असा रकाना असतो, ‘बोटे’ असा नसतो.

अशा वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाने आडमुठेपणा करावा, याचे वाईट वाटते. 2021 च्या कायद्याखाली येणारे आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, असे त्याने 2025 मध्ये जाहीर केले. मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रही त्यातच घातले. माणसाला बरे करायचे तर त्याच्या जवळ जावे लागते, असा काहीसा गैरसमज यामागे असावा. आयोगाने एकदा आपली घरे पाहावीत. चिरंजीव न्यू जर्सीत असतात. बाबांच्या खोलीतला कॅमेरा त्यांना फोनवर दिसतो आणि भिंतीतून आवाज येतो, ‘बाबा, पाणी प्या.’ तांब्या बाबांच्या हाताच्या टप्प्यात नसतो. तो कॅमेऱ्याच्याही टप्प्यात नसल्यामुळे कुणाचेच मन दुखावत नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा काढा. मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याला त्यात महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे, कूस बदलण्याचे कलम नाही. जे काम आपण सगळे लांबूनच करतो, त्याचे शिक्षण जवळून देणे ही विद्यार्थ्याची फसवणूक झाली.

उद्या प्रात्यक्षिक परीक्षाही मोबाइलवरच्या चित्रफितीने होऊ लागली, तर तिचा आराखडा माझ्या डोळ्यांपुढे तयार आहे. उमेदवार सूनबाई, रुग्ण म्हणून घरचेच आजोबा. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून त्यांना डाव्या कुशीवर ठेवलेले. पहिल्यांदा कुकरची शिट्टी मध्येच येते, दुसऱ्यांदा कुरिअरवाला, तिसऱ्यांदा सूनबाईंचा पदर अडकतो. जेवणानंतर सुरू झालेले चित्रीकरण चहाच्या वेळेला पुरे होते. ‘अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलावी?’ या प्रश्नाला सूनबाई कॅमेऱ्यात पाहून, न अडखळता उत्तर देतात, ‘दर दोन तासांनी.’ पैकीच्या पैकी गुण. आजोबा, झालं हं, आता वळा.