पडद्यामागचा परमेश्वर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवणाऱ्या आम्हा डंजन मास्टरांना, म्हणजे डीएम लोकांना, दोन गोष्टींचा भारी अभिमान: एक आपली न्यायबुद्धी आणि दुसरा आपला पडदा. पडदा म्हणजे घड्यांचा उभा पुठ्ठा. खेळाडूंच्या बाजूला ड्रॅगन, आपल्या बाजूला कोष्टकं. त्याच्या आड वीस बाजूंचा फासा टाकायचा, गंभीर चेहरा करायचा आणि म्हणायचं, “थोडक्यात वाचलास!” फाशावर पडलेले असतात चक्क २०, म्हणजे शत्रूचा सर्वांत जबर वार. या लबाडीला आम्ही दया म्हणतो आणि स्वतःवर खूश होतो. पण ही दया खेळाडूसाठी नसतेच, आपल्या कथानकासाठी असते. रात्री जागून लिहिलेलं खलनायकाचं भाषण ऐकायला कुणीतरी जिवंत उरायला हवं ना!

मुळात डीएमची ही खुर्ची आली प्रशियन सैन्यातून. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ छापला. दोन बाजूंना अधिकारी, मध्ये पंच. ज्याला जेवढं दिसेल तेवढंच त्याला सांगायचं. सगळं रणांगण फक्त पंचाला ठाऊक. हुकूम लेखी द्यायचे, किती माणसं पडली ते फासे आणि कोष्टकांवरून ठरायचं. पुढे या कोष्टकांचा वीट आला आणि १८७६ साली फर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने त्यांना सरळ रजा दिली: अनुभवी पंच म्हणेल तो निकाल. (हे वाचून कुठल्याही डीएमची छाती फुगते. माझी तर फारच.) पण त्या पंचाला स्वतःची फौज नव्हती, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ आला, त्यात गोब्लिन डीएमचे, ड्रॅगन डीएमचा आणि निकालही डीएमचाच. चोरही तोच, फौजदारही तोच. शकुनी निदान कोणाच्या बाजूने बसलाय हे सभेला दिसत तरी होतं.

फासा उघड्यावर टाका म्हटलं की हमखास विचारतात: नवखा खेळाडू पहिल्याच चकमकीत मेला तर? मग नियमच बघू. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत गोब्लिनच्या तलवारीचा मार म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन. २० पडले तर फासे दुप्पट, म्हणजे फार तर १४. आठ हिट पॉइंटांचा, म्हणजे आठ मार सोसणारा, जादूगार त्याने कोसळतो, मरत नाही. जागीच मरायला १६ लागतात. मग दर पाळीला त्याने फासा टाकायचा, १० किंवा वर आले की यश. तीन अपयशांच्या आत तीन यशं मिळाली की जीव वाचला. तोवर मंत्र घेऊन धावत येणारा सोबती आहेच. दया नियमांतच भरपूर आहे, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. टेबलाभोवतीचे सगळे श्वास रोखून एका फाशाकडे बघतात, त्या घटकेसाठी तर हा खेळ. तीच घटका आमचं औदार्य चोरून नेतं. तो पोरगा पुढे वर्षानुवर्षं “मी वाचलो” म्हणून सांगत राहतो, आणि ते खरं नाही हे फक्त आपल्याला माहीत असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गायगॅक्सचा दाखलाही कोणीतरी काढतंच. बरोबर आहे, १९७९च्या डीएम-मार्गदर्शिकेत त्याने आम्हाला फासा बाजूला ठेवायची मुभा दिली आहे. पण सगळी काळजी घेऊनही दुर्दैवाने मरणाऱ्या पात्राला तो फुकट सोडत नाही: मरणाऐवजी बेशुद्धी, नाहीतर हात-पाय किंवा डोळा गमावणं. सूट आहे, पण तिची किंमतही आहे. आणि एखादा निकाल सोसणारच नसेल तर फासा टाकायचाच कशाला? ‘इथे फासा नाही’ असं उघड म्हणायचा अधिकार आपल्याला आहेच. टाकून झाल्यावर मात्र तो आपला राहिला नाही.

तेव्हा मंडळी, नकाशे आणि टिपणं खुशाल पडद्याआड ठेवा, फासा टेबलाच्या मधोमध टाका. खलनायकाचं भाषण राहून गेलं तर जपून ठेवा, पुढच्या खलनायकाला चालतं.