घनसावंगीत व्हिडिओ गेम कसे खेळावेत

व्हिडिओ गेम कसे खेळावेत हे शिकवणाऱ्यांनी चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : स्वतंत्र खोली, चाकाची खुर्ची, न जाणारी लाईट आणि दर पाच मिनिटांनी ‘काय करायलास रे?’ असं न विचारणारं घर. घनसावंगी तालुक्यातल्या होतकरू खेळाडूला यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून हे वेगळं मार्गदर्शन. मूर्खांची लक्षणं लिहून ठेवणाऱ्या समर्थांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे, हे वाचकानं ध्यानात असू द्यावं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ते असतंच.

आधी पूर्वतयारी. फोन स्वतःचा असल्यास उत्तम. नसल्यास वडिलांचा, ते जेवायला बसल्यावर. रेंजसाठी माळवदावर जावं आणि जिथं शेजारची पोरं आधीच उकिडवी बसलेली दिसतील तिथं बसावं. नेटशिवाय चालणारा एखादा गेम अडीअडचणीला ठेवावा. 2024 च्या फेब्रुवारीत मराठा आंदोलनाच्या वेळी आपल्या जालना जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं, तेव्हा ज्यांनी असा साठा केला नव्हता त्यांच्यावर घरच्यांशी बोलायची वेळ आली.

सुरुवात मारधाडीपासून करावी. शंभर जण विमानातून छत्रीनं उतरतात, खेळायची जागा चहूबाजूंनी आवळत येते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. बांधाच्या वादात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. मुहूर्त रात्रीचा, थ्री-फेजची पाळी असताना, दारं धरायला गेल्यावर. हेडफोन मात्र एकाच कानात घालावा. एका कानाला शत्रूची पावलं ऐकू यावीत, दुसऱ्याला दंड फुटल्याचा आवाज. शत्रूनं मारलं तर डाव पुन्हा मांडता येतो; पाणी चुलत्याच्या हरभऱ्यात शिरलं तर येत नाही. जिंकल्यावर पडद्यावर चिकन डिनरची पाटी झळकते. घरात माळकरी आजोबा असतील तर एकादशीला दुसऱ्या नंबरवर समाधान मानावं.

हा खेळ 2 सप्टेंबर 2020 ला पब्जी म्हणून बंद झाला, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय म्हणून आला, जुलै 2022 मध्ये गेला आणि मे 2023 मध्ये परत आला. शहरातली पोरं या येण्याजाण्यानं हवालदिल झाली म्हणे. आपण ती लाईट समजावी.

चाळिशीतल्या वाचकांना ‘कॉन्ट्रा’ पुरे. मुळात जीव तीन. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबलं की तीस. इंटरनेट नव्हतं त्या काळात ही विद्या वाड्यावस्त्यांपर्यंत कशी पोचली यावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी. सरकारी योजनेची माहिती अजून तशी पोचत नाही. मोटारसायकल शर्यतीच्या गेमबद्दल फार लिहीत नाही. मागं दिवा नसलेल्या, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांना जो अंधारात ओलांडून आलाय, त्याला तो गेम मिळमिळीत वाटणार.

आता मुख्य विषय, शेतीचे गेम. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीनं 2012 मध्ये ‘हे डे’ काढला. त्यात सोयाबीन 20 मिनिटांत येतं, ऊस 30 मिनिटांत, कापूस अडीच तासांत. आडसाली उसामागं दीड वर्ष घालवणाऱ्या घरात ही माहिती एकदम देऊ नये. आधी पाणी द्यावं, बसवावं, मग सांगावं. पेरलं की उगवतंच. बियाण्यांचं शहर म्हणून जालन्याचं देशभर नाव, तरी दुबार पेरणी म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या गेमला कळत नाही. बोंडअळी नाही, गारपीट नाही. काढणीला उशीर झाला तरी पीक जागेवर उभं. साखरेचा कारखाना स्वतःच्या अंगणात. ना उसाची नोंद, ना तोडीची पाळी, ना मुकादमाची मनधरणी. गोदाम तेवढं सारखं भरतं, म्हणजे बनवणाऱ्यानं कुठंतरी खरी शेती पाहिली असावी.

आणि रस्त्याकडेच्या दुकानात मालाचा भाव शेतकरी लावतो.

हा टप्पा वडिलांना दाखवताना संवाद साधारण असा होतो :

‘अप्पा, हे बघा, कापूस आला.’

‘भाव काय?’

‘आपणच लावायचा.’

अप्पा फोन उलटा करून मागून बघतात. ‘कुठलं हे?’

‘फिनलंडचं.’

‘तिकडं आमदार कोण?’

राक्षस, जादूगार, उडते ड्रॅगन असलेल्या गेमना लोक कल्पनारम्य म्हणतात. माझ्या मते तो मान ‘हे डे’चा आहे. ड्रॅगनवर एकवेळ विश्वास बसतो.

ज्यांना याच प्रकारातली अवघड पातळी हवी, त्यांच्यासाठी शासनाची ‘ई-पीक पाहणी’ आहे, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर उपलब्ध. गट क्रमांक निवडायचा, जातीनं रानात जायचं, उपग्रह तुम्हाला हुडकतो, मग पिकाचा फोटो काढून पाठवायचा. आपल्याच कपाशीत उभं असताना आपण गटाच्या बाहेर असल्याची सूचना येते, तेव्हा या खेळाची खरी मजा सुरू होते. अशा वेळी फोन डोक्यावर धरून, चिखल तुडवत गटाच्या मध्याकडं सरकावं. सर्व्हरचं चाक फिरत राहिलं तर ते फिरू द्यावं. बक्षीस म्हणून सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. जीव किती मिळतात ते सांगत नाहीत, पण मुदत वाढवून मिळते.

पैसे लावून खेळायचे गेम ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंद झाले, त्यामुळे ते शिकवत नाही. संदर्भापुरतं सांगतो : जुलै 2025 मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, व्हिडिओ गावोगाव फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढं त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. शेती सोडून खेळात जाण्याचा प्रयत्न आपल्याकडची पुष्कळ पोरं करतात. त्यांना खातं मिळत नाही.

राहता राहिला नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 2016 चा ‘लुडो किंग’. हा आजीबरोबर खेळायचा. आजीचं ठाम मत असतं की फासा टाकणारा माणूस फोनच्या आत बसलाय आणि तो शेजारच्या काकूंना सामील आहे. आकडे यंत्र काढतं वगैरे समजावत बसू नये. तिनं मतदान यंत्रं पाहिली आहेत. फोन चार्जिंगला लावावा आणि पेटीतला पुठ्ठ्याचा पट काढावा. त्या पटावर ती पाच पडले की ‘फासा हलला’ म्हणून पुन्हा टाकते आणि सहा पडले की सोंगटी आधी चालवून मग आकडा दाखवते. यावर तोडगा आजोबांनाही सापडलेला नाही.