कोपऱ्यावरच्या भाऊजींचा फॉल्ट करंट

तोडा तोडा वहिनी, कंपाउंडच्या अलीकडे आलेला कढीपत्ता तुमचाच. पण दोन मिनिटं थांबा. कोपऱ्यावरच्या भाऊजींचं कळलं का? नाही? मग तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही बाई.

अहो, त्यांच्या फाटकाला लागून नवा डीपी बसला ना, १०० केव्हीएचा काढून ३१५ चा, तेव्हापासून त्यांची झोप उडालीय. बँकेतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर हातात मोबाइल. कुठेतरी वाचलं, की डीपी मोठा झाला की घरात शॉर्ट झाल्यावर येणारा करंटही वाढतो. आता हे खरंच आहे हं, उगीच नावं ठेवायची नाहीत. पण म्हणून काय रात्री पावणेअकराला आमच्या भाच्याला मेसेज टाकायचा? ‘आमच्या घराचा फॉल्ट करंट किती? आकडा कळवा.’ ना नमस्कार, ना चमत्कार, ना बोर्डाचा फोटो. पोरगा लायसनवाला वायरमन आहे, सकाळी सातला साइटवर हजर व्हावं लागतं त्याला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोहे खाता खाता म्हणाला, ‘मावशी, डॉक्टरला फोन करून माझं बीपी किती ते सांगा म्हटल्यासारखं झालं हे.’

तरी बिचाऱ्याने नीट उत्तर दिलं. बोर्डाचा फोटो पाठवा, एमसीबीवर काय छापलंय ते कळवा, पोलपासून मीटरपर्यंत कोणती केबल आहे, साधारण किती लांब आहे. यावर भाऊजींचं उत्तर ऐका: ‘ते सगळं मी बघतो, तुम्ही फक्त आकडा सांगा.’

आकडा काय झाडाला लागलाय? मी भाच्याला म्हटलं, बाबा, मलाही एकदा समजावून सांग, म्हणजे गल्लीत चार लोकांना सांगता येईल. तर तो करंट म्हणे आत्ता वाहतच नसतो. फेज आणि न्यूट्रल जर एकमेकांना भिडले, तर त्या क्षणी किती वाहील, त्याचा तो अंदाज. २३० व्होल्टला वाटेतल्या सगळ्या ओहमने भागायचं. वाट म्हणजे डीपीच्या आतली वेटोळी, पोलावरची तार, मीटरपर्यंतची केबल, घरातली वायर, आणि तेवढीच परतीची. आमचं घर गल्लीच्या टोकाला. आमच्या मीटरपाशी पाव ओहम भरला, म्हणजे ९२० अँपिअर. डीपीच्या स्वतःच्या टर्मिनलवर शॉर्ट झालं तर नऊ हजारांच्या वर जाईल, पण इथवर येईतो तारेतच त्याचा दम निघून जातो. भाऊजींचं घर डीपीला चिकटून, तेव्हा त्यांचा आकडा आमच्यापेक्षा मोठा हे उघड आहे. पण नेमका किती, ते मोजल्याशिवाय कोण सांगणार?

आता घरात गेलात की तुमच्या एमसीबीवर बघा. ‘सी १६’ असं काहीतरी असेल, आणि त्याच्या खाली बारीक चौकटीत ६०००. इतकी वर्षं मला वाटायचं तो मॉडेल नंबर. तो १६ रोजच्या लोडचा. आणि ६००० म्हणजे शॉर्टच्या वेळी सहा हजार अँपिअरपर्यंत तो एमसीबी स्वतः न फुटता करंट तोडू शकतो. तिथे येऊ शकणारा करंट या आकड्याच्या आत हवा. भाऊजींकडे मीटरखाली अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते हो, आणि त्यात तारेचे तीन पेड पिळून घातलेले! फ्यूज सारखा उडतो म्हणून यांनीच तो जाड केला.

पुढचं ऐका. भाऊजींनी कपाटातून मल्टिमीटर काढला आणि पुन्हा मेसेज: ‘मीटर अँपिअरवर लावून दोन्ही सुया सॉकेटमध्ये घालतो, म्हणजे आकडा मिळेल ना?’ त्या वेळी मात्र भाच्याने हातातलं काम टाकून फोन लावला. अहो, अँपिअरवर लावलेला मीटर म्हणजे नुसता वायरचा तुकडा. सॉकेटमध्ये घातला की आपल्याच हाताने शॉर्ट केल्यासारखं. मीटर फुटेल, हात भाजेल, डोळ्यांवर येईल. ‘त्यापेक्षा मला पाच वेळा फोन करा,’ म्हणाला पोरगा.

त्याच्याकडे त्यासाठी वेगळा टेस्टर आहे. आमच्याकडे लावला तेव्हा मी शेजारी उभी होते. तो टेस्टर क्षणभर वीसेक अँपिअर ओढतो आणि व्होल्ट किती पडले ते बघतो. पाच व्होल्ट पडले. पाचाला विसाने भागलं की पाव ओहम. गिझर लावला की तुमच्या हॉलमधला दिवा किंचित मंदावतो ना, तेच हे, फक्त मोजून.

बरं, इथवर मी भाऊजींच्या बाजूने होते. माणूस घाबरलाय, विचारणारच. पण मग त्यांनी जे केलं ना वहिनी, ते मला नाही पटलं. भाच्याचा सगळा मेसेज उचलून दुसऱ्या एका वायरमनला धाडला, ‘हा असं म्हणतो, खरं आहे का?’ आणि त्याचं उत्तर आलं ते परत आमच्या भाच्याला, ‘ते तर म्हणतात काही गरज नाही, तुम्ही का घाबरवता?’ दोन वायरमनची झुंज लावून आपण मजा बघत बसायचं! दुसऱ्याचं मत घ्यावं की, कोण नको म्हणतंय. पण पहिल्याने फुकट दिलेलं उत्तर त्याच्याच तोंडावर फेकायचं? वर येऊन मोजण्याचे पाचशे रुपये सांगितले तर म्हणे, पाच मिनिटांचं तर काम आहे. त्या पाच मिनिटांसाठी टेस्टर घ्यावा लागतो, आयटीआयची वर्षं घालावी लागतात, ते कोण मोजणार?

त्याउलट त्या शाळेच्या बाई बघा. त्यांच्याकडे ओव्हन लावला की एमसीबी पडायचा. दुपारी मेसेज केला. कधीपासून पडतो, त्या वेळी आणखी काय चालू असतं, बोर्डाचा स्वच्छ फोटो, आणि शेवटी ‘सवडीने सांगा, यायचं झालं तर चार्ज किती तेही कळवा’. पोरगा म्हणाला, असं कोणी विचारलं की जेवण बाजूला ठेवून उत्तर द्यावंसं वाटतं. आणि काम झाल्यावर बाईंनी आठवणीने कळवलंसुद्धा, की आता पडत नाही. नाहीतर लोक उत्तर मिळालं की गुल. फ्यूज लागला का घर जळालं, पत्ता नाही.

शेवटी कोणी नेलं त्याला भाऊजींकडे? मीच. पाचशे रुपये हातावर ठेवायला लावले आणि मग मोजलं. मीटरपाशी ०.१ ओहम, म्हणजे २३०० अँपिअर. सहा हजारांच्या कितीतरी आत! किटकॅट काढून चांगला एमसीबी बसवा, विषय संपला. भाऊजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पण भाच्याने मग टेस्टर फेज आणि अर्थिंगच्या मध्ये लावला. तिथे भरले १० ओहम.

म्हणजे किती? २३ अँपिअर फक्त. मला वाटलं, छान, करंट कमी म्हणजे धोका कमी. उलटं आहे हो! समजा फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला. आपल्या बंगल्यांना अर्थ म्हणजे आपापल्या खड्ड्यातल्या मातीतून जाणार. त्या वाटेने २३ अँपिअर वाहणार आणि तो १६ चा एमसीबी काही लगेच पडणार नाही, कदाचित तासभरसुद्धा तसाच राहील. सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायचा तर पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. तो येणार कुठून? खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं विचारलं, तर भाऊजी बायकोकडे बघतात आणि बायको भाऊजींकडे. इतके दिवस हजारांच्या भीतीने झोप नाही, आणि खरा घोर या तेविसाचा!

मग आरसीसीबी बसवला, ३० मिलीअँपिअरचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, कुठे गळला, की तो हे ओळखून पडतो, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. एमसीबीचं काम तो करत नाही हं, दोन्ही लागतात. त्याला एक टेस्टचं बटन असतं, अधूनमधून दाबून बघायचं. भाऊजींनी परवा दाबलं, घरभर अंधार झाला, आणि लगेच फोन: ‘तुमचं मशीन बिघडलं!’ पोरगा म्हणाला, काका, बिघडलं असतं तर उजेड राहिला असता. खटका वर करा.

तुम्हाला हवाय का त्याचा नंबर? देते की. तुमच्याकडेही मीटरखाली किटकॅटच आहेत ना? मग फोटो आजच दुपारी पाठवा, उजेडात, आणि छापलेलं वाचता येईल असा. आणि झाकण उघडायला जाऊ नका, बाहेरूनच काढा.