मांत्रिक मेल्याची खात्री कशी करावी

मुडदे उठवणारा मांत्रिक मेला अशी बातमी आली की पेढे वाटायची घाई करू नये. साधा दरोडेखोर, साधा राजा, फार तर एखादा ड्रॅगन मेला तर प्रेत पाहून सही करता येते. नेक्रोमॅन्सरचे प्रेत मात्र पुराव्यात धरता येत नाही. या धंद्यात प्रेत हा कच्चा माल आहे. शिवाय फँटसी खेळांतल्या अशा मांत्रिकांना मरण सहसा बढती म्हणूनच मिळते: आधी माणूस, मग मुडदा, मग त्याहून वरच्या पगारावरचा मुडदा. म्हणून खातरजमेची एक रीत ठरवून घेणे भाग आहे.

नमुन्यादाखल केल्थुझादचे प्रकरण घ्यावे. ब्लिझर्ड कंपनीच्या वॉरक्राफ्ट मालिकेतला हा इसम मूळचा दालारान या जादूगारांच्या नगरीतला, तिथल्या किरिन टोर मंडळातला मानाचा सभासद. प्रेतविद्येचा नाद लागला, मुडद्यांच्या फौजेचा धनी असलेल्या लिच किंगच्या चाकरीत शिरला, ‘कल्ट ऑफ द डॅम्ड’ नावाचा पंथ काढला आणि गावोगाव पाठवलेल्या धान्यातून रोगराई पसरवली. 2002 साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट 3’ मध्ये राजपुत्र आर्थसने त्याला अँडोरहाल गावी गाठून ठार केले. हा मनुष्य मरताना घाबरला नाही. आपल्या मरणाने फारसे काही बिघडणार नाही, असे त्याने आर्थसला तोंडावर सांगितले. तपासनिसाने शेवटचा जबाब सगळ्यात आधी लिहून घ्यावा तो याचसाठी. जो गयावया करतो तो बहुधा मरतो. जो निवांत असतो, त्याची फाइल उघडीच ठेवावी.

दुसरी चौकशी अवशेषांची. अँडोरहालला इथेच ढिलाई झाली. प्रेत तिथल्याच मातीत गेले. कोणी जाळले नाही, कोणी पहारा ठेवला नाही. पुढे आर्थसचे डोके फिरले, तो स्वतःच लिच किंगचा डेथ नाइट झाला, आणि ज्याने मारले तोच उकरायला आला. प्रेत नासत चालले होते. ते टिकवायला मंतरलेला कलश हवा होता, आणि त्या कलशात होती आर्थसच्या बापाची राख. कलश सांभाळत होता उथर, म्हणजे आर्थसचा गुरू. आर्थसने गुरूला मारून कलश घेतला. आत कोणाची राख आहे हे कळल्यावरही त्याचा हात थांबला नाही. मग एल्फांचे क्वेल्थालास राज्य बेचिराख करत तो सनवेल या त्यांच्या पवित्र झऱ्यापाशी पोचला, आणि त्या झऱ्यातून केल्थुझाद लिच, म्हणजे मरूनही न संपणारा मांत्रिक, होऊन वर आला: हाडे, बर्फ आणि शिंगांची कवटी. एका मांत्रिकाला उठवायला एक गुरू, एका राजाची राख आणि एक अख्खे राज्य खर्ची पडले. हे सगळे खेळाडू स्वतःच्या हाताने करतो, माउसने क्लिक करून, आणि मोहीम फत्ते झाल्याचा संदेशही त्यालाच मिळतो. वॉरक्राफ्टच्या पुढच्या वीस वर्षांत त्याला परत आणण्याचे काम इतक्या इमानाने पुन्हा कोणी केलेले दिसत नाही. या प्रकरणातून तपासनिसाने एक कलम लिहून घ्यावे: मांत्रिकाला मारणारा पुढे कोणाच्या नोकरीत लागणार आहे, याची चौकशी त्याच दिवशी करावी.

तिसरी चौकशी जिवाच्या पत्त्याची. राक्षसाचा जीव पोपटात आणि पोपट सात समुद्रांपलीकडे, हे मराठी पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. लिचचाही असाच पोपट असतो, त्याला फायलॅक्टरी म्हणतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने ही रीत खेळांत रुजवली: लिचची हाडे कितीही मोडा, ती वस्तू शाबूत आहे तोवर तो नवे हाड धरून परत येतो. आता केल्थुझादच्या बाबतीत काय झाले ते पाहावे. जून 2006 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नॅक्सरामास नावाचा तरंगता किल्ला उघडला. 40 जणांनी मिळून जायचे, 15 बॉस, आणि सगळ्यात शेवटी केल्थुझाद. पहिल्या गिल्डला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, तिथवर पोचून त्याला पाडायला सप्टेंबर उजाडला, आणि तेव्हाच्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांनी त्याचे तोंड पाहिले. तो पडला की लुटीत चक्क त्याची फायलॅक्टरी निघायची. सात समुद्र वगैरे काही नाही. पोपट थेट झोळीत.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पोपटाची मान मुरगळली असती. पण खेळाडूला हुकूम असा की ही वस्तू लाइट्स होप चॅपेलमधल्या फादर इनिगो माँटॉय यांच्याकडे जमा करावी. या फादरांचे नाव 1987 च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या सिनेमातल्या सूडाने पेटलेल्या तलवारबाजावरून उचललेले. तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. खेळाडूने वस्तू दिली, मोबदल्यात अंगावर मिरवायचे एक बक्षीस घेतले आणि पावती न मागता तो घरी गेला. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ हे एक्सपान्शन, म्हणजे खेळाला जोडलेला नवा भाग, आले तेव्हा नॅक्सरामास उत्तरेकडच्या नॉर्थरेंड खंडावर लटकत होते आणि आत केल्थुझाद ठणठणीत बसला होता. मुद्देमाल जप्त केल्यावर तो कोणाच्या ताब्यात दिला, हे कागदावर नसले की असे होते. दोष फादरांचा की बक्षिसाला भुललेल्या 40 जणांचा, यावर मतभेद असू शकतात. प्रस्तुत मार्गदर्शन 40 जणांना दोष देते.

पाळीव प्राण्यांचाही जबाब घ्यावा. केल्थुझादने एक मांजर पाळले होते. ऑस्टिन पॉवर्सच्या सिनेमांतल्या दुष्ट डॉक्टरच्या मांजराचे नाव त्याला दिलेले: मिस्टर बिगल्सवर्थ. हे मांजर किल्ल्याच्या बोळांतून निवांत फिरायचे. लढाईच्या धांदलीत कोणाचा तरी मंत्र चुकून त्याला लागला की ते जागीच मरायचे आणि किल्ल्याच्या पोटातून मालकाचा आक्रोश घुमायचा. संबंध देश रोगाने मारणारा हा इसम मांजरापायी शिव्याशाप देत सुटायचा. मांजर मेले हे नक्की. मात्र 2012 च्या अखेरीस, जुन्या किल्ल्यांतले सगळे छोटे प्राणी गोळा करणाऱ्या खेळाडूला बक्षीस म्हणून मिस्टर बिगल्सवर्थ मिळू लागले, आणि ते आता हजारो नायकांच्या पायाशी घुटमळत असते. मालकाची विद्या घरात मुरलेली होती म्हणायचे.

यानंतर कॅलेंडर काढावे. नवशिक्या तपासनिसाचा सगळा गोंधळ इथेच होतो. गोष्टीतले मरण एक आणि सर्व्हरवरचे मरण वेगळे. अमेरिकी सर्व्हरवर मंगळवारी आणि युरोपातल्या सर्व्हरवर बुधवारी आठवड्याचा हिशेब नव्याने सुरू होतो. त्या सकाळी सगळे बॉस आपापल्या खुर्चीवर परत. म्हणजे केल्थुझाद ज्या गिल्डने रविवारी मारला त्याच गिल्डला तो चार दिवसांत पुन्हा भेटणार, तोच दम देणार आणि, नशीब असेल तर, या वेळी हवी ती काठी देणार. हे मरण दाखल्यात धरू नये. एकाच माणसाला आठवड्याच्या आठवड्याला मारणाऱ्या 40 जणांपैकी कोणालाही यात वावगे वाटत नाही. उलट तो एखाद्या आठवड्यात नसता तर त्यांनीच तक्रार केली असती.

कॅलेंडरचा सगळ्यात अवघड पेच 2020 च्या अखेरीस पडला. नोव्हेंबरमध्ये ‘शॅडोलँड्स’ हे एक्सपान्शन आले. त्याची अख्खी कथा मेल्यानंतरच्या मुलखात घडते, आणि तिथे मालड्रॅक्सस भागात केल्थुझाद जेलर या नव्या खलनायकाचा हस्तक म्हणून सापडला. लगोलग डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने जुन्या खेळाच्या ‘क्लासिक’ आवृत्तीत 2006 चे नॅक्सरामास उघडले. एकाच महिन्यात, एकाच वर्गणीत, हा इसम परलोकात मेलेला आणि इहलोकात न मेलेला होता. क्लासिकवाल्यांनी त्याला काही तासांत आडवा केला. 2006 मध्ये ज्याला आठवडेच्या आठवडे लागले होते ते काम आता तोंडपाठ झाले होते. दोन वर्षांनी ‘रॅथ क्लासिक’ आले आणि 2008 चे मरणही पुन्हा उपलब्ध झाले. मधल्या काळात 2014 मध्ये तो ‘हर्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळातल्या एका पत्त्यावर आला होता. त्या पत्त्याचे काम काय, तर त्या पाळीत मेलेले आपले सगळे गडी पाळी संपताना परत उभे करायचे. निदान कामाची निवड प्रामाणिक होती. 2017 मध्ये ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’मध्ये तर तो नायकांच्या रांगेतच जाऊन बसला.

आता निकालाचा भाग. जुलै 2021 मध्ये ‘सँक्टम ऑफ डॉमिनेशन’ हे रेड, म्हणजे नॅक्सरामाससारखीच टोळीने लढायची मोहीम, उघडले. दहापैकी नववा बॉस केल्थुझाद. इथे रचनाकारांनी प्रथमच पोपटाकडे गांभीर्याने पाहिले. त्याला पाडले की फायलॅक्टरी उघडी पडते. काही खेळाडूंनी बाहेर मारामारी सांभाळायची आणि काहींनी फायलॅक्टरीच्या आत उतरून तिथे दडलेला त्याचा अवशेष संपवायचा. तो संपल्याशिवाय बाहेरचा केल्थुझाद मरत नाही. शिवाय हे सगळे परलोकात घडते, आणि या खेळाच्या नियमाप्रमाणे परलोकात मेलेल्याला पुढे जायला जागा उरत नाही. कागदोपत्री पाहिले तर याहून पक्के मरण मिळणार नाही: जीव गेला, जिवाची पेटी गेली, जीव जाऊन राहायचे ठिकाणही गेले.

तरीही हे मरण फिके पडले, हे नोंदवणे तपासनिसाचे कर्तव्य आहे. कारण त्याच रेडमध्ये दहावी होती सिल्व्हानस, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. गंमत अशी की आर्थस क्वेल्थालास जाळत केल्थुझादसाठी गेला तेव्हा वाटेत मारून उठवलेली एल्फ हीच. ज्याच्या उठण्यापायी ती मेली, तो आता तिच्या दारातला पहारेकरी म्हणून मेला. लेखकांना त्याची गरज उरली नव्हती, म्हणून त्याला नीट मरू दिले. ज्या मरणाला गाजावाजा असतो ते टिकत नाही आणि जे टिकते त्याकडे कोणी बघत नाही, हा या व्यवसायातला रिवाजच दिसतो.

सगळीच प्रकरणे मात्र पोपटाची नसतात. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला मानिमार्को, ऊर्फ किंग ऑफ वर्म्स, हे तपासनिसाला घाम फोडणारे प्रकरण आहे. 1996 च्या ‘डॅगरफॉल’मध्ये खेळाडूच्या निवडीनुसार वेगवेगळे शेवट होते आणि त्यांतल्या एकात तो देव होतो. पुढच्या खेळांत कोणता शेवट खरा धरायचा? मालिका काढणाऱ्या बेथेस्डा कंपनीने सांगून टाकले की सगळेच एकदम घडले, कारण काळच तात्पुरता फुटला होता. असा जबाब दुसऱ्या कुठल्या साक्षीदाराने दिला असता तर त्याला बाहेर काढले असते. परिणाम असा की 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मानिमार्को आकाशात ठराविक दिवसांनी दिसणारा देव आहे, त्याच्या उजेडात नेक्रोमॅन्सर वेदीवर काळे आत्ममणी बनवतात, आणि त्याच वेळी तो ब्रूमाजवळच्या एको गुहेत झगा घालून उभा असलेला एक एल्फही आहे. जादूगारांच्या संघाचा प्रमुख आर्चमेज ट्रॅव्हन याने खेळाडूला त्याच्या वशीकरणापासून वाचवायला स्वतःचा प्राण दिला, खेळाडू मोठ्या भीतीने गुहेत गेला, आणि समोरचा गडी थोड्या मारामारीत आडवा झाला. हा खरा की तोतया, यावर चाहते आजतागायत भांडतात. खरा असेल तर निराशा, तोतया असेल तर भीती. बहुतेकांनी भीती निवडली आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ची नवी, रंगरंगोटी केलेली आवृत्ती निघाली आणि तो त्याच गुहेत अधिक स्पष्ट चेहऱ्याने पुन्हा मरू लागला.

तारखांचा घोळ इथेही आहेच. 2014 चा ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ ही गोष्ट सातशेहून अधिक वर्षे मागे नेतो. तिथे मानिमार्को हरतो आणि मोलाग बाल हा राक्षसांचा राजा त्याला फरफटत आपल्या कोल्डहार्बर या मुलखात नेतो, हाल करायला. पण पुढे तो डॅगरफॉलमध्ये असणार हे खेळाडूला 1996 पासून माहीत असल्याने, या शिक्षेचे कोणाला फारसे वाटत नाही. शिवाय या खेळात सुरुवातीलाच मानिमार्को खेळाडूला बळी देतो. म्हणजे दाखला कोणाचा काढायचा, हाच आधी वाद.

वेक्नाबद्दल थोडक्यात. 1976 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये त्याचे नाव आले ते एक डोळा आणि एक हात या जादूच्या वस्तूंपुरते, त्यांचा मालक केव्हाच संपलेला होता. त्या दोन तुकड्यांवरून पुढे अख्खा खलनायक उभा झाला, देवपदी चढला आणि 2024 मध्येही त्याच्या नावाची नवी मोहीम छापून आली. ज्याची कारकीर्दच मेल्यानंतर सुरू झाली, त्याच्या मृत्यूचा अर्ज स्वीकारू नये.

अर्ज भरताना मृताचे नाव, ठिकाण, अवशेषांची विल्हेवाट आणि मुद्देमाल कोणाकडे जमा, हे रकाने पूर्ण करावेत. मुदतीच्या रकान्यात ‘पुढच्या एक्सपान्शनपर्यंत’ असे लिहावे. केल्थुझादपुरते सांगायचे तर नोव्हेंबर 2023 मध्ये ब्लिझर्डने एकापाठोपाठ तीन एक्सपान्शन जाहीर केली. त्यांतले दुसरे, ‘मिडनाइट’, क्वेल्थालासला आणि सनवेलपाशी जाते. तिसरे, ‘द लास्ट टायटन’, नॉर्थरेंडला. तेव्हा सही पेन्सिलने करावी आणि फादर माँटॉय यांना एकदा समक्ष भेटून घ्यावे.